तळहाताएवढा बुराक

माणसाचे खरे चरित्र त्याच्या घराच्या भिंतींवर लिहिलेले असते. हे वाक्य मी सरांच्या शोकसभेत उच्चारले तेव्हा सभागृहात एकदम शांतता पसरली. मी थोडा थांबलो. चांगल्या वाक्यानंतर वक्त्याने थांबावे असे मला वाटते. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हाताने खूण केली की माईक बंद पडला आहे.

एका अर्थी बरेच झाले. सरांना ते वाक्य आवडले नसते. भिंत म्हणजे चिरे किंवा विटा, वर गिलावा आणि त्यावर रंग, यापलीकडे भिंतीत काही असते असे ते मानत नसत. आणि तरीही डिचोलीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींनी आपापले चरित्र त्यांनाच सांगितले होते. मला नाही. या लेखाचे एकंदर कारण हेच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी ज्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो तिथेच सर विज्ञान शिकवत. मूळचे पेडण्याकडचे. घर, बायको, म्हातारे आईवडील तिकडे. आठवडाभर ते डिचोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत आणि शनिवारी शाळा सुटली की म्हापशाला बस बदलून गावी जात. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाच ते सात त्यांचा दुसरा उद्योग चाले. लोकांच्या घरातले बुराक भरणे. भोकाला आमच्याकडे बुराक म्हणतात. शब्द पोर्तुगीज ठेवून गेले, बुराक आमचे आम्ही पाडले.

खिळा उपटताना गिलाव्याचा पोपडा निघतो, दाराची कडी दर खेपेला भिंतीवर आपटून तिथे खळगा पडतो, नवा टीव्ही टांगताना ड्रिल भलतीकडे जाते. असल्या कामाला मेस्त्री येत नाही. येतो म्हणतो, पण येत नाही. सर यायचे. पैसे घेत नसत. कोरी चहा घेत आणि असला तर संध्याकाळच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, एक गोल उंडा. मोबदल्याची दुसरी एक गोष्ट होती, तिच्याकडे येतोच.

त्यांचा एक नियम होता. सर उंचीने बेताचे, पण हात पोईच्या चपट्या पावासारखा रुंद. कोणत्याही घरात गेले की ते आधी बुराकावर तळहात ठेवत. झाकला गेला तर काम करत. कुठूनही बाहेर डोकावला तर हात खाली घेत आणि म्हणत, "हो म्हजो न्हय, मेस्त्रीचो." मग चहासुद्धा न घेता जात. एकदा आमच्या शाळेच्या ट्रस्टींनी त्यांना बंगल्यावर बोलावले. जिन्याखालच्या भिंतीचा बुराक तळहाताबाहेर करंगळीएवढा गेला होता. सर परत निघाले. ट्रस्टी म्हणाले, "अहो सर, इतक्याशानं काय बिघडतं?" सर म्हणाले, "म्हजो हात वाडचो ना." त्यांचा हात काही वाढणार नव्हता. शाळेतली बढती त्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

अवजारे पाहिली तर हसू यावे. पुट्टी कालवायला नारळाची करटी. भरायला जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा. घासायला शाळेतला बाद झालेला डस्टर, त्याच्या लाकडावर पॉलिशपेपर गुंडाळलेला. आणि एक टॉर्च. काम संपले की ते खोलीतला दिवा घालवून टॉर्च भिंतीला टेकवून आडवी धरत. त्या उजेडात भिंतीवरचा केसाएवढा उंचवटासुद्धा डोंगरासारखा दिसे. मग पुन्हा डस्टर.

पण सगळ्यात आधी पाणी. सैल झालेला गिलावा खरवडून काढला, धूळ झटकली, की ते बुराकात कुंच्याने पाणी मारत आणि बघणाऱ्याला ऐकवत, "भिंतीक तान लागल्या. पयलीं तिका उदक दी. ना जाल्यार ती पुट्टीतलें उदक पिता आनी पुट्टी सुकी पडटा." हे वाक्य मी दहा-बारा वेळा तरी ऐकले असेन. लक्षात राहील असे वाटले होते.

एकदा शाळेच्या नव्या इमारतीवर गडहिंग्लजकडचा एक गवंडी कामाला होता. सरांनी प्रयोगशाळेतला एक कोपरा कसा बुजवला ते त्याने बोट फिरवून पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यो हात शाळंत वाया चाललाय बगा." हे तो माझ्यादेखत म्हणाला. माझ्या हाताबद्दल तो काही बोलला नाही. बोलण्यासारखे कारणही नव्हते, पण वाटते.

आता ती दुसरी गोष्ट. पाणी मारण्याच्याही आधी, तळहात बुराकावर ठेवलेला असतानाच, सर घरच्या माणसाला विचारत, "हो कसो जालो?"

आणि थांबत. वर्गात मुलाला उत्तर येत नसले तरी ते असेच थांबायचे. रागावणे नाही, घाई नाही, सुचवणेही नाही. हात भिंतीवर, मान किंचित वाकडी. माणूस आधी म्हणे, खिळा निघाला. सर थांबलेलेच. मग माणूस म्हणे, खिळा म्हणजे, त्यावर भावाचा फोटो होता. सर थांबलेलेच. पाच मिनिटांत तो भाऊ, वाटणी, आठ वर्षांचा अबोला, सगळे बाहेर येई. मग सर "बरें" म्हणत आणि कुंचा पाण्यात बुडवत.

खरे ऐकल्याशिवाय ते बुराकाला हात लावत नसत. असे का, हे मी विचारले होते. ते म्हणाले, "दारान मारलो काय हातान मारलो, तें कळूंक जाय. परत मारतलो जाल्यार भरून कितें फायदो?" पुन्हा आपटणार असेल तर भरून उपयोग नाही, असे शास्त्रीय कारण होते. पण लोक शास्त्रासाठी सांगत नव्हते. सांगून झाल्यावर त्यांचे चेहरे असे हलके दिसत की जणू पुट्टी त्यांच्यातच भरली होती.

आणि मी? मी दिवाळी अंकांत लिहितो. स्थानिक वर्तमानपत्रात माझे सदर होते. माणसांच्या मनात शिरणे हा ज्याचा छंद, असे माझ्याबद्दल एकदा छापून आले होते. मजकूर मीच दिला होता. पण मी कोणाच्या घरी गेलो की लोक पंख्याच्या वेगाबद्दल बोलत. कोणी चुकून काही सांगू लागलाच तर त्याची बायको म्हणे, "आं, सांभाळ, सर बरयतले." बरयतले म्हणजे लिहितील, आणि सर म्हणजे मी. मला उभ्या डिचोलीत एक गोष्ट कोणी आपणहून सांगितली नव्हती. आणि या माणसाला, ज्याने आयुष्यात चार ओळी लिहिल्या नाहीत, लोक कोरी चहा देऊन गोष्टी सांगत होते. वर तो त्या कोणालाही सांगत नसे. म्हणजे वायाच.

एकदा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. निवृत्त मुख्याध्यापकांचे घर होते. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर शाल-श्रीफळ स्वीकारतानाचे इतके फोटो होते की मूळ रंग कोणता ते कळत नव्हते. त्यातला एक फोटो काढलेला होता आणि त्याच्या जागी लिंबाएवढा बुराक. सरांनी हात ठेवला.

"हो कसो जालो?"

"काळाच्या ओघात," मुख्याध्यापक म्हणाले. ते साध्या उत्तराचेही समारोपाचे भाषण करत.

सर थांबले. मीही शक्य तेवढी सहानुभूती चेहऱ्यावर आणून थांबलो. मुख्याध्यापकांनी सरांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "तुम्ही आमची जास्वंद पाहिलीत का? मागं लावलीय. जाऊन या ना."

मी जास्वंद पाहायला गेलो. जास्वंदीसारखी जास्वंद होती. जनेल, म्हणजे खिडकी, उघडे होते, मी त्याच्या जितके जवळ उभे राहणे शोभेल तितका राहिलो, मग न शोभेल तितकाही राहिलो. काही ऐकू आले नाही. आत गेलो तेव्हा सर पाणी मारत होते आणि ज्या गृहस्थांना मी तीस वर्षांत टाळ्यांच्या आवाजाखेरीज कशाने हलताना पाहिले नव्हते ते पंच्याच्या टोकाने डोळे पुसत होते. बाहेर पडल्यावर मी सहज विचारल्यासारखे विचारले, "काय म्हणत होते?"

"चा बरी आसली," सर म्हणाले.

आता माझ्या घरचा बुराक.

त्या वर्षीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात जुने शिक्षक म्हणून आम्हा दोघांना बोलायला सांगितले होते. मी पाऊण तास बोललो. विषय होता शिक्षण आणि संस्कार; दोन्हींना मी न्याय दिला. सर चार मिनिटे बोलले. पहिल्यांदा शिकवायला उभे राहिले त्या दिवशी त्यांच्याकडून काचेची परीक्षानळी फुटली आणि एका मुलीने न सांगता आपल्या दप्तरातला रुमाल त्यांच्या बोटाला बांधला, एवढीच हकीकत. ती मुलगी आता आजी झाली होती आणि समोर बसली होती. लोक हसले, रडले, उभे राहिले. दोघांनाही सारखेच मेमेंटो मिळाले, लाकडी पाटावर पितळेची समई.

घरी आलो. बायको स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, "सर चारूच मिन्टां उलयले, पूण कितले बरे उलयले मगो!"

मी मराठी शिकवतो. भांडतो मात्र कोंकणीतच, घरात सगळे भांडतात तसे. त्या दिवशी दोन्ही भाषा सुचल्या नाहीत. मी मेमेंटो भिंतीवर फेकला. समईचे टोक गिलाव्यात शिरले आणि मुठीएवढा तुकडा खाली आला.

"कितें जालें?" आतून आवाज.

"मेमेंटो पडलो," मी म्हणालो.

ती बाहेर आली. तिने बुराक पाहिला, मेमेंटो पाहिला, मला पाहिले, आणि केर काढायला झाडू घेऊन आली. त्या दिवसापासून ती त्या विषयावर बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरे झाले असते.

भिंत कोणती, तर जिच्यासमोर चवथीला आमचा गणपती बसतो ती. वर फळाफुलांची माटोळी टांगलेली, मागे ही भिंत. चवथीला आमच्याकडे सगळे भाऊ, त्यांच्या बायका-मुले, वाळपईची आते, सगळे जमतात आणि गणपतीकडे बघताना भिंतीकडेच बघतात. बुराक चवथीआधी बुजवणे भाग होते, आणि सरांना बोलावणे मला अशक्य होते.

मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. पुट्टीचे पाकीट आणले. तीनदा भरला, तीनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तो नेमका बायको दिवा लावत असताना. ती शांतपणे म्हणाली, "हांव सरांक फोन करतां."

सर आले. तळहात ठेवला. झाकला गेला, निसटता, पण झाकला गेला. मनातून मला वाटत होते की जरा मोठा निघावा.

"हो कसो जालो?"

"मेमेंटो पडलो."

सरांनी मेमेंटो ठेवायचे फडताळ पाहिले. ते समोरच्या भिंतीला होते, कमरेच्या उंचीवर. मग बुराक पाहिला. तो त्यांच्या डोक्याच्याही वर होता. विज्ञानाचा शिक्षक होता हो तो माणूस. पडणारी वस्तू खोली ओलांडून वर चढते, हे त्याला मी सांगत होतो. ते थांबले. मीही थांबलो. चहा झाली, उंडा झाला, सात वाजले.

"फाल्यां येतां," असा उद्याचा वायदा करून ते गेले.

असे तीन दिवस चालले. ते येत, हात ठेवत, विचारत, मी म्हणे पडला, ते चहा घेऊन जात. चौथ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "सांगून उडयात एकदां. परवां चवथ. आतेक कितें सांगतले तुमी, समई उडून गेली म्हूण?"

मला अडचण काय होती ती नीट सांगतो. बाकी लोक त्यांना आपली गोष्ट सांगत, तीत सर कुठे नसत. माझ्या गोष्टीत मात्र तेच होते. ज्याचा हेवा करावा त्याच्यापुढेच तो कबूल करायचा, आणि तोही भिंत दुरुस्त करून हवी म्हणून. यापेक्षा आतेला समई उडाल्याचे सांगणे सोपे होते. पण आते चौकशा फार करते.

संध्याकाळी सर आले. हात ठेवला. मी त्यांनी विचारायचीही वाट पाहिली नाही. सगळे सांगितले. त्यांची चार मिनिटे, माझा पाऊण तास, ती आजी, बायकोचे वाक्य, फेकणे. त्याखालचेही सांगितले, की बावीस वर्षे लोक तुम्हाला सांगतात, मला सांगत नाहीत, त्या गवंड्याने तुमच्या हाताबद्दल म्हटले तेही मला सलते. बोलता बोलता मी खिशातला रुमाल चाचपू लागलो. मुख्याध्यापकांच्या पंच्याची आठवण झाली. आता हा माणूस काही तरी बोलेल, निदान खांद्यावर हात ठेवील, असे वाटले.

सर म्हणाले, "इतलेंच?"

आणि कुंचा पाण्यात बुडवला.

मला वाटले होते, माझी गोष्ट त्यांनी ऐकलेल्या गोष्टींत वरच्या नंबरात बसेल. ती बसली नाही. ते पाणी मारत असताना मी हिशेब करत होतो की या डिचोलीत लोकांनी काय काय केले असेल ज्यापुढे माझे "इतलेंच" ठरावे. हेवा कमी व्हायचा तो वाढला.

बुराक उत्तम भरला. टॉर्चच्या उजेडात काहीही दिसले नाही. फक्त आमच्या भिंतीचा रंग जुना झालेला, तसा डबा आता मिळत नव्हता. नवा लावला तो अंमळ फिका पडला. चवथीला गणपतीच्या मुकुटामागे फिकट पिवळा गोल दिसू लागला. वाळपईच्या आतेने हात जोडले आणि माझ्या बायकोला म्हणाली, "औंदां प्रभावळ बरी केल्या गे." पुढची सगळी वर्षे त्या प्रभावळीची आरती मी केली आहे.

ही हकीकत सरांनी कोणालाही सांगितली नाही. मी कित्येक महिने स्टाफरूममध्ये कान देऊन होतो. कोणी माझ्याकडे पाहून हसतो का, समईचा विषय काढतो का. काही नाही. खरे सांगायचे तर थोडी निराशाच झाली.

निवृत्तीनंतर सर पेडण्याला गेले. गेल्या वर्षी वारले. शोकसभेनंतरच्या आठवड्यात मी म्हापशाला बस बदलून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, मी एकदोनदाच पाहिले होते. "बसात मरे सर," म्हणून त्यांनी कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे केली आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी भिंती पाहिल्या. साऱ्या तालुक्याच्या भिंती सारख्या करणाऱ्या माणसाच्या घरी जेवणाच्या मेजाशेजारी, जनेलाच्या उजव्या हाताला, एक बुराक होता. जुना. कडा गुळगुळीत झालेल्या.

त्या चहा घेऊन आल्या आणि मी काय बघतो आहे ते त्यांना दिसले.

"दर चवथीक सांगतालीं हांव, हो भरात म्हूण," त्या म्हणाल्या. "हात दवरताले आनी म्हणटाले, हो म्हज्यान जावचो ना." म्हणजे त्यांच्याच्याने तो व्हायचा नव्हता.

मी उठलो. का ते माहीत नाही, पण भिंतीजवळ गेलो आणि बुराकावर तळहात ठेवला. माझा हात लहान. बुराक दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होता.

"हो कसो जालो?" मी विचारले.

आणि थांबलो. पंख्याबद्दल बोललो नाही, काही सुचवले नाही. त्या मेजाच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेन्नां आमचो थोरलो चार वर्सांचो आसलो," आणि पुढचा पाऊण तास बोलत होत्या. त्या पाऊण तासात कोणी जागचे हलले नाही. चहा निवून गेली.

सांगून झाल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुमी बरयतात न्हय? हें मात बरयनाकात हां."

मी लिहिणार नाही. आयुष्यात मला कोणी आपणहून सांगितलेली ती एकच गोष्ट, आणि ती मी ज्या माणसाचा हेवा केला त्याच्या घरची. एवढेच सांगतो की ती माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे, आणि "इतलेंच" म्हणण्याचा हक्क सरांना का होता ते मला त्या दिवशी कळले. तिच्यात मी कुठेही नव्हतो. ऐकताना मी लक्ष ठेवून होतो.

कपाटात त्यांची करटी, पात्याचा तुकडा, डस्टर, पुट्टीची अर्धी पिशवी, सगळे तसेच होते. मी म्हणालो, मी भरतो. त्या नको म्हणाल्या नाहीत. मी सैल गिलावा खरवडला, धूळ झटकली, पुट्टी कालवली, भरली. जेवण त्यांच्याकडेच झाले. दुपारी पुट्टी सुकल्यावर डस्टरने घासली, जनेल लोटून घेतले आणि टॉर्च भिंतीला आडवी धरली. काही दिसले नाही. सरांनीही मान हलवली असती असे काम झाले होते. निघताना वहिनी त्या जागेवरून हात फिरवत उभ्या होत्या. परतीच्या बसमध्ये म्हापशापर्यंत मी कोणाचाही हेवा केला नाही.

आठ दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. पुट्टी पडली होती आणि पडताना आजूबाजूचा गिलावाही घेऊन गेली होती. भिंतीला पाणी द्यायचे मी विसरलो होतो. आता तो बुराक मेस्त्रीचा आहे.